हात बदललेले कुत्रे

धुळा गोरड बोरपेठेत आला तो १९४३ च्या माघ महिन्यात, रिकाम्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाडीतून. सोबत बायको रंगुबाई, दोन घोंगडी, एक जाते, तीन भांडी आणि ढाण्या नावाचे कुत्रे. गाडीवानाने माणसांना पोत्यांवर बसू दिले, कुत्र्याला नाही. म्हसवडपासून पाच दिवस ढाण्या गाडीच्या आसाखाली, तिच्या सावलीत चालत आला.

बोरपेठ कवठे महांकाळच्या अलीकडे चार कोसांवर. वस्ती साडेचार हजारांची. शनिवारचा बाजार, एक सरकारी दवाखाना, एक पोलीस चौकी आणि शेंगांच्या तीन वखारी. मेंढरांमागे फिरणाऱ्या भावबंदांच्या तांड्याला धनगर वाडा म्हणतात. धुळाचा वाडा दरवर्षी दिवाळीनंतर माणमधून निघे आणि असल्या गावांच्या बाहेरून जाई. धुळा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि एकाही गावात सलग तीन रात्री राहिलेला नव्हता.

गाव धरायला लावले ते डाव्या पायाने. दोन वर्षांपूर्वी ओढा उतरताना तो दगडावरून घसरला आणि मांडीचे हाड मोडले. वाड्यातल्या जाणत्याने बांबूच्या कामट्या बांधून ते बसवले. हाड जुळले, पण वाकडे. मेंढरे दिवसाला तीन-चार कोस चालतात, धुळा एक कोस चालला की बसे. पहिल्या वर्षी त्याला घोड्यावर बसवून नेले. दुसऱ्या वर्षी धाकटा भाऊ कोंडीबा म्हणाला की घोडे भांडीकुंडी वाहायला आहे. पाय बरा झाला की परत देईन, असे सांगून त्याने धुळाची मेंढरे आपल्या कळपात घातली. पाय बरा होणार नाही हे दोघांनाही माहीत होते. ढाण्याला कोंडीबाने ठेवून घेतले नाही. ते कुत्रे त्याच्या उपयोगाचेच नव्हते.

गोरडांच्या वाड्यात कुत्री एका विशिष्ट रीतीने तयार करत. पिलू तीन महिन्यांचे झाले की वाड्यातले दुसरे कोणीतरी त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकी. तुकड्यात मिरचीचा ठेचा असे, नाहीतर बारीकसा निखारा. पिलाचे तोंड भाजे, ते केकाटत धन्याकडे पळे आणि धनी त्याला ओंजळीत ताक पाजी. असे पंधरा दिवस, रोज वेगळ्या माणसाच्या हातून. त्यानंतर ते कुत्रे जन्मभर धन्याखेरीज कोणाच्या हातचे खात नसे. मेंढरे चोरणाऱ्यांचा पहिला उपाय म्हणजे कुत्र्याला विषाचा तुकडा टाकणे. त्यावर ही तोड होती. ढाण्याच्या ओठाला डाव्या बाजूने त्या शिक्षणाचा पांढरा डाग होता.

बोरपेठेतली सगळ्यांत मोठी वखार हंबीररावांची. हंबीरराव पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले, कृष्णाकाठी ऊस असलेले गृहस्थ. उसाकडे थोरले भाऊ बघत, हंबीररावांनी इकडे कोरड्या मुलखात शेंगांचा व्यापार मांडला होता. लढाईमुळे तेलाला भाव आणि माणसांना भूक, दोन्ही वाढले होते. वखारीच्या भिंतीला भोके पडत आणि शेंगा जात. आधीच्या राखणदाराला त्यांनी झोपलेला पकडून काढून टाकले होते.

धुळा कामाला विचारत आला तेव्हा हंबीररावांनी त्याच्या पायाकडे पाहिले आणि नाही म्हटले. मग कुत्र्याकडे पाहिले. ढाण्या कमरेइतका उंच, राखाडी, दोन्ही कान कापलेले, गळ्यात लांडग्यांसाठीचा खिळ्यांचा पट्टा. हंबीररावांनी घरातून मटणाचा तुकडा आणवला आणि त्याच्यापुढे टाकला. ढाण्याने तोंड फिरवले. तराजूवरच्या हमालांनी एकामागून एक टाकून पाहिले. पाच दिवसांच्या चालीने कुत्र्याच्या बरगड्या दिसत होत्या, तरी ते बसून राहिले. शेवटी धुळाने तोच तुकडा मातीतून उचलून हातावर धरला. ढाण्याने तो चावण्याआधीच गिळला.

"माज्याच हातचं खातंय, सायेब," धुळा म्हणाला.

"आन् तू मेलास तर?"

"तर त्येबी मरंल की."

हमाल हसले. हंबीरराव हसले नाहीत. "कुत्रं भरती," ते म्हणाले. "तूबी चल त्येच्यासंगं."

हे वाक्य गावात फिरले. महिन्याभरात धुळाला त्याच्या नावाने कोणी ओळखेना. तो ढाण्याचा गडी झाला. बाजारात तेली विचारी, "काय रं, मालकानं सोडलं व्हय आज?" आणि धुळा तोंडातला तंबाखू थुंकून पुढे जाई.

पगाराबरोबर वखारीला टेकून असलेली एक खोली मिळाली. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, वर पत्रा, दाराला कडी. रंगुबाईने तीस वर्षे उघड्यावर स्वयंपाक केला होता. तिची दोन मुले वाटेवर जन्मली आणि वाटेवरच पुरली गेली होती, एक आटपाडीच्या माळावर, एक खरसुंडीच्या अलीकडे. पहिल्या दिवशी तिने दाराची कडी लावली, काढली आणि पुन्हा लावली. मग जाते जमिनीत पक्के रोवले. आठवड्याने जमीन सारवली, पंधरवड्याने कोनाड्यात बिरोबाचा टाक बसवला. विहिरीवरच्या बाया तिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून घागर बाजूला घेत. तिने ते मनावर घेतले नाही. तिने नवऱ्याला एवढेच सांगितले की आता आपण हिंडणार नाही. कोंडीबाने उद्या मेंढरे परत दिली तरी नाही. खोली होती तोवर ती त्याची बायको होती, असेही म्हणायला हरकत नाही.

ढाण्याने काम चोख केले. पहिल्याच पावसाळ्यात त्याने आकाराम नावाच्या माणसाला धरले. आकाराम त्याच वखारीत शेंगा फोडायला येई. त्या वर्षी धान्य मापाने मिळत होते आणि त्याच्या घरी खाणारी तोंडे सात होती. भिंतीच्या भोकातून त्याने उजवा हात आत घातला. ढाण्या भुंकला नाही, त्याला तसे शिकवलेले होते. त्याने हात धरला आणि धरून ठेवला. धुळा लंगडत आला आणि त्याने भोकातून बाहेर पाहिले. चोर पुन्हा येऊ नये इतका वेळ जाऊ दिला आणि मग टाळूला जीभ लावून दोनदा आवाज केला. ढाण्याने जबडा उघडला. आकारामची दोन बोटे गेली.

"दोन बोटांवर भागलं," धुळा दुसऱ्या दिवशी तराजूजवळ म्हणाला. "लांडग्याला त्यानं नरडीला धरलावता."

हंबीररावांनी त्याला फेटा दिला. आकारामची बायको खोलीसमोर येऊन धुळाच्या नावाने माती उधळून गेली. त्यानंतर रंगुबाईशी गल्लीतले कोणी बोलत नसे. पुढच्या दोन वर्षांत ढाण्याने आणखी तिघांना धरले. त्यांतला एकच खरा चोर होता, बाकीचे दोघे भुकेने आले होते. धुळाने त्यांच्यात भेद केला नाही. कुत्र्याला भेद शिकवला तर ते कुत्रे वाया जाते, असे तो म्हणे.

१९४६ च्या उन्हाळ्यात हंबीररावांचा भाचा नानासो पलटणीतून सुटून आला. आफ्रिका आणि इटली बघून आलेला, सत्तावीस वर्षांचा, डाव्या कानाने बहिरा. लढाई संपल्यावर सरकारने त्याच्यासारखे हजारो जवान घरी पाठवले होते आणि तालुक्यात कोणालाच त्यांची गरज नव्हती. बहिणीने हंबीररावांना गळ घातली.

त्याच सुमारास धुळाला हिवताप आला. तीन दिवस तो घोंगडीत पडून होता आणि ढाण्या तीन दिवस उपाशी, खोलीच्या दारात पडून होता. रंगुबाईच्या हातचेही त्याने घेतले नाही. हंबीरराव दाराशी आले, कुत्र्याकडे पाहिले आणि गेले. धुळा उठल्यावर त्यांनी त्याला बोलावले. ते म्हणाले, ड्युटीला एकच शिपाई कधी चालत नाही, बदली लागतो. कुत्र्याला नानासोच्या हाताची सवय लाव.

धुळा म्हणाला की दोन हातांचे कुत्रे होत नाही. एक हात सुटतो तेव्हाच दुसरा लागतो.

"मग हात बदल," हंबीरराव म्हणाले. "जमतंय का तुला?"

जमत होते. वाड्यात म्हातारा धनी मरायला टेकला की कुत्र्याचा हात मुलाकडे बदलत. क्वचित एखाद्या परक्या शेतकऱ्याकडेही बदलत. धुळाच्या बापाने मिरजेकडच्या एका शेतकऱ्याला असे कुत्रे दिले होते. तेव्हापासून वीस वर्षे त्याच्या शेतात गोरडांची मेंढरे बसत, लेकी-सुनांना चोळी होई, खळ्यावरची पहिली सुपे त्यांना मिळत. ज्याने आपल्या कुत्र्याचा हात घेतला तो सोयरा. त्याचा उंबरा आपला. गोरडांच्या वाड्यात हे लग्नासारखे पक्के मानत आणि त्यासाठी बोलणी करत नसत. बोलणी केली तर तो सौदा होतो, असा त्यांचा समज.

रंगुबाईने त्याला अडवले. रागाने नव्हे, हिशेबाने.

"आवं, कुत्रं हाय म्हणून आपून हाय इथं. कुत्रं त्येचं झाल्यावर तुमास्नी कोण इचारतंय?"

"सोयरा हुतोय त्यो आपला. तुला कळत न्हाई."

"त्यो शेतकरी हुता. ह्यो सुभेदार हाय."

"माणूसच हाय न्हवं?"

"जाऊन इचारा तरी एकदा, खोलीचं काय म्हणून."

धुळाने विचारले नाही. विचारणे म्हणजे सोयरीक लागण्याआधीच मोडणे. तो हंबीररावांना फक्त एवढेच म्हणाला, "म्हंजी आता आपलं नातं लागलं, सायेब." हंबीरराव गाडीची पोती मोजून घेत होते. "व्हय, व्हय," ते म्हणाले.

हात बदलायला अकरा दिवस लागले. पहिले तीन दिवस ढाण्याला पाण्याखेरीज काही नाही. पहिल्या दिवसापासून रोज सकाळी रंगुबाईने केलेली बाजरीची भाकरी धुळा फडक्यात गुंडाळून नानासोच्या काखेत बांधी आणि संध्याकाळपर्यंत तिथे ठेवी. जूनचा उकाडा होता. भाकरी घामाने चिंब झाली की ती नानासोने कुत्र्यापुढे धरायची. नानासोला किळस येई, हमालांना करमणूक होई. ढाण्या वास घेई आणि धुळाकडे बघे. धुळा भिंतीकडे तोंड करून बसे. चौथ्या दिवशी कुत्र्याला उठताना मागचे पाय सावरेनात. पाचव्या दिवशी त्याने नानासोच्या हातातली भाकरी चाटली. सहाव्या दिवशी खाल्ली.

हा सोपा भाग. अवघड भाग जुना हात तोडण्याचा आणि तो जुन्या धन्यालाच करावा लागतो. खाऊन झाले की ढाण्या धुळाकडे येई. आला की धुळाने मारायचे. आधी दोरीने, नंतर काठीने, तोंडावर आणि कानांवर. पायांवर नाही, कारण राखणीच्या कुत्र्याचे पाय शाबूत पाहिजेत. ढाण्या केकाटला नाही, तेही त्याला धुळानेच शिकवले होते. तो मागे सरे, थोड्या वेळाने पोटावर सरपटत पुन्हा येई आणि धुळाच्या वाकड्या पायावर हनुवटी ठेवी. धुळा पुन्हा काठी उचली. शनिवारी बाजाराला आलेले लोक वखारीच्या अंगणात थांबून हे बघत. उजव्या हाताला तीन बोटे उरलेला आकारामही येऊन बसला. त्याने संबंध दुपार पाहिले आणि उठताना म्हणाला, "हाण की रं जरा जोरात. दमलास व्हय?"

रंगुबाई दार लावून आत बसे. भाकरी करून ठेवी, वाढत नसे.

अकराव्या दिवशी धुळाने हाक मारली. ढाण्या नानासोच्या पायाशी बसला होता. तो उठला नाही. त्याने ओठ वर केले आणि गुरगुरला.

"झालं," धुळा म्हणाला. "बदलला हात." त्याचा चेहरा काम नीट उतरलेल्या माणसाचा होता. त्याने ढाण्याच्या कपाळाला लावायचा भंडारा नानासोच्या हातून लावला, कारण आता ते कुत्रे त्याला शिवू देणार नव्हते. मग त्याने नानासोला उराउरी भेट दिली. नानासो हात खाली सोडून उभा राहिला. हे कशाबद्दल चालले आहे हे त्याला कळले नव्हते आणि त्याने विचारलेही नाही.

आठवड्याने हंबीररावांनी धुळाला खोली रिकामी करायला सांगितले. सांगण्यात उर्मटपणा नव्हता. नानासो बायकोला आणणार होता, तिला खोली हवी होती आणि राखणदार एकच पुरे होता. त्यांनी एक पोते शेंगा देऊ केल्या आणि पलटणीत देतात तशी चांगल्या कामाची चिठ्ठी लिहून देतो म्हणाले.

धुळाला ती थट्टा वाटली. सोयऱ्याची सोयऱ्याशी असते तशी. तो हसला. मग हंबीरराव हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आले.

"नातं लागलंय आपलं, सायेब. कुत्र्याचा हात दिलाय मी तुमास्नी."

"कसलं नातं?"

"सोयऱ्याचं."

हंबीररावांनी तराजूवरच्या माणसांकडे पाहिले. "धनगराचा सोयरा झालो रं मी. कुत्र्यावरनं." हमाल पोती टाकून हसले. हंबीररावही या वेळी हसले. त्यांनी धुळाला फसवले होते असे म्हणता येणार नाही. त्यांना कुत्रे हवे होते आणि ते त्यांना मिळाले होते. त्यापलीकडे काही दिले-घेतले गेले आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

धुळाने खोली सोडली नाही. तो उंबऱ्यात बसून राहिला. रंगुबाईने आत गाठोडे बांधले नाही की सोडले नाही. गावात दुसरी जागा बघावी म्हणून ती दोन ठिकाणी विचारून आली. एकाने आकारामच्या घराकडे बोट दाखवले आणि दार लावले. दुसरीने दारच उघडले नाही. कोणाकडे तक्रार करावी तर कागद नव्हता, आणि साक्षीला उभे राहील असा माणूस धुळाने या गावात ठेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी हंबीरराव अंगणात आले. बोलले फारसे नाहीत. त्यांनी नानासोला कुत्रे सोडायला सांगितले. नानासोने उजवा कान पुढे करून पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितले.

धुळा उठला नाही. ढाण्या समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला. ढाण्या पिलू असताना ज्या हातावर त्याला ताक पाजले तो हात. अकरा दिवस काठी धरली तोही हाच.

"ये रं बाळा," तो म्हणाला.

ढाण्याने मनगटाच्या वर धरले. भुंकला नाही, धरून ठेवले. धुळाही ओरडला नाही. ओरडले की हे कुत्रे पकड घट्ट करते, हे तिथे एकट्या त्यालाच माहीत होते. त्याने टाळूला जीभ लावून दोनदा आवाज केला. ढाण्याने सोडले नाही. पुन्हा केला. दात हाडापर्यंत गेले होते आणि रक्त उंबऱ्यावरून खाली येत होते. हंबीरराव म्हणाले, "बस." नानासो "बस, बस" म्हणाला आणि पट्टा ओढू लागला. ओढल्याने मांस फाटत होते.

"वडू नगंस," धुळा म्हणाला. आवाज शांत होता, नव्या माणसाला काम समजावून सांगताना असतो तसा. "जीब टाळूला लाव. दोनदा वाजीव. आसं."

नानासोला नीट ऐकू आले नाही. धुळाने तोंड वर करून त्याला जीभ कुठे लावायची ते दाखवले. नानासोचा पहिला आवाज ओला आला. दुसऱ्या खेपेस जमला. ढाण्याने जबडा उघडला आणि तो नव्या धन्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. एवढी एकच गोष्ट नानासोला शिकवायची राहिली होती.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने जखम धुतली, पट्टी बांधली आणि दोन बोटे पुन्हा वळणार नाहीत असे सांगितले. कुत्रे पिसाळलेले असेल तर मिरजेला जाऊन इंजेक्शने घ्यावी लागतील, म्हणून त्याने कुत्र्याची चौकशी केली.

"पिसाळल्यालं न्हाई," धुळा म्हणाला. "लय श्यानं हाय. त्येच्यासारखं कुत्रं सातारा जिल्ह्यात घावायचं न्हाई तुमास्नी. मी तयार केलंय त्ये."

रंगुबाई दाराबाहेर गाठोडे घेऊन उभी होती. तिने हे ऐकले. तिने गाठोडे डोक्यावर घेतले आणि ती माणच्या रस्त्याला लागली. तिचा भाऊ तिकडे होता. बहिणीला तो ठेवून घेईल, मेव्हण्याला नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि धुळालाही.

तो बाहेर आला तेव्हा ती चावडीपाशी पोचली होती. त्याने हाक मारली. वेशीपर्यंत तो तिच्यामागे लंगडत गेला आणि तिथून आणखी एक हाक मारली. तिने मागे पाहिले नाही आणि चाल कमी केली नाही. वेशीबाहेरच्या दगडावर धुळा बसला. पट्टीतून रक्त येतच होते. ती चालत राहिली.